दोन संकलनांच्या मधला दिवस

पहाटे ५:३५

करवीर तालुक्यातलं गाव. दूध संस्थेचं शटर वर गेलंय. दारात किटल्या घेऊन दहा-बारा जण उभे आहेत, बायका जास्त. आत वजनकाटा, शेजारी दूध तपासायचं यंत्र, टेबलावर संगणक, पावतीचा छोटा प्रिंटर. भिंतीवर दरपत्रक चिकटवलेलं, गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं.

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताई बसल्यात. डेटाबेसचं काम करतात. दूध संस्था, पतसंस्था, छोटे दवाखाने यांच्या नोंदींचे तक्ते बांधायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. कोल्हापुरातून स्कूटरवर आल्यात. जाऊन-येऊन पेट्रोल १२० रुपये. लॅपटॉप अजून पिशवीत आहे, मांडीवर चौकटींची वही.

संस्थेचं सॉफ्टवेअर २००९ सालचं. त्यानंतर संगणक दोनदा बदलले, पण आतले तक्ते तेच राहिले. सकाळचं संकलन संपलं की आज सगळ्या नोंदी नव्या संगणकावर न्यायच्या. तक्ते एकमेकांना जोडायचे. रिकाम्या जागी आपोआप काय भरायचं आणि काय भरायचं नाही, ते ठरवायचं. संध्याकाळी सहाला पुन्हा लाईन लागणार, त्याआधी सगळं चालू पाहिजे. ठरलेले पैसे १४ हजार. निम्मे मिळालेत.

पहाटे ५:५०

काम बघायला ताई मुद्दाम लवकर आल्यात. दूध बादलीत ओतलं जातं, काटा लिटर दाखवतो. मदतनीस पोरगा पळीनं नमुना काढून यंत्राच्या नळीखाली धरतो. मिनिटाच्या आत लाल आकडे उमटतात. आधी फॅट, मग एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक. दोन्ही यंत्रांतून केबल संगणकाला गेल्यात. सचिव फक्त सभासदाचा नंबर टाकतात आणि एंटर दाबतात. पावती बाहेर. दूध गाईचं असेल तर निळ्या पट्टीच्या कॅनमध्ये, म्हशीचं असेल तर लाल पट्टीच्या.

माणसी अर्धा मिनिट. सचिवांना मान वर करायला फुरसत नाही. ताई वहीत लिहितात, कुठली चौकट माणूस भरतो, कुठली यंत्र भरतं, आणि कुठली कुणीच भरत नाही.

सकाळी ६:१०

एक काकू पावती डोळ्यांजवळ धरून परत येतात.

"ताई, माझी म्हस हाय. गाय कुठली आली ह्यात?"

पावतीवर लिहिलंय, गाय, ४ लिटर, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, दर ३२, रक्कम १२८. पोरगा सांगतो, यंत्रावर सातचं फॅट दिसलं होतं. सचिव केबल हलवतात. मागची पिन सैल झालीय, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. ते पावतीवर पेननं दुरुस्ती करतात. म्हैस, ७.०, दर ५४, रक्कम २१६.

"काकू, दुपारी संगणकात पण दुरुस्त करतो."

"मागच्या पंधरवड्यातबी असंच झालं हुतं, अण्णा. तवा म्या काय बोलली न्हाई."

८८ रुपयांचा फरक. पेंडेचं पोतं दीड हजाराच्या पुढे गेलंय. काकूंच्या घरी एकच म्हैस.

ताई वहीतल्या एका चौकटीभोवती गोल करतात. मला दाखवतात. केबल सुटली की यंत्राकडून आकडा येत नाही. जुनी खिडकी, म्हणजे सचिव नंबर टाकतात तो पडदा, मग ती जागा पाठवतच नाही. आकडा आला नाही तर काय धरायचं, ते २००९ साली कुणीतरी तक्त्यातच लिहून ठेवलं. जनावर गाय, फॅट ३.५, एसएनएफ ८.५. यालाच डिफॉल्ट म्हणतात. ज्यानं लिहिलं त्याला लाईन अडायला नको होती. लाईन अडली नाही. पैसे काकूंचे गेले.

सकाळी ७:४५

शेवटची किटली. पोरगा कॅनची झाकणं दाबून बसवतो. चाळीस लिटरचा भरलेला कॅन तो एकटा टेम्पोपर्यंत तिरका करून गोल फिरवत नेतो. दिवसाचे त्याला २२० रुपये मिळतात, दोन्ही वेळचे मिळून. नमुन्याच्या बाटल्या धुणं, फरशी धुणं त्यातच.

सचिव सकाळचा ताळा बघतात. कॅनमध्ये म्हशीचं दूध संगणकापेक्षा ४ लिटर जास्त, गाईचं ४ लिटर कमी. काकूंचंच ते. असा फरक ते रोज वहीत पेन्सिलीनं लिहितात आणि ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतात. ताई ती वही मागून घेतात. सोबत नमुन्यांचं रजिस्टरही. यंत्रावर दिसलेलं प्रत्येक फॅट पोरानं त्यात हातानं उतरवलंय. या रजिस्टरवर दिवसभर सगळी भिस्त राहणार आहे.

सकाळी ८:३०

आधी प्रत काढायची. संपूर्ण डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर. पेनड्राइव्ह नवा, ४०० रुपये, पावती संस्थेच्या नावानं. प्रत निघाली एवढ्यावर ताई थांबत नाहीत. ती लॅपटॉपवर उघडून बघतात. कालच्या संध्याकाळच्या नोंदी मोजतात, इथे किती, तिथे किती. जुळतात. मगच चहा. दहा रुपयांचा, टपरीवरून, कागदी कपात.

न उघडलेल्या प्रतीवर विसंबायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. नव्या पोरांना ताई आधी हेच शिकवतात.

सकाळी ९:१५

वहीत चौकोन काढले जातात. एक चौकोन सभासदांचा. एक रोजच्या संकलनाचा. एक दरांचा. एक कपातींचा, त्यात पेंड, उचल, डॉक्टरची फी. एक जनावरांचा. मग रेघा. संकलनातली प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या सभासदाची असलीच पाहिजे, म्हणून तिकडून इकडे रेघ. कपातीचंही तसंच. एका सभासदाच्या हजार नोंदी असतील, पण एका नोंदीचे दोन सभासद नसतील.

माहिती तक्त्यांत ठेवायची आणि एका तक्त्यातल्या किल्लीनं दुसऱ्यातली ओळ गाठायची, ही मांडणी १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञानं एका निबंधात मांडली. तो आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत होता. आज बँक, रेशन, असं बरंच काही त्याच मांडणीवर उभं आहे. या गावातलं दूधही.

वहीतल्या रेघा २००९ च्या माणसालाही माहीत होत्या. त्यानं त्या तक्ते बांधताना लिहिल्याही होत्या. जुन्या फायलीत ताई बोट ठेवून दाखवतात, हे बघा, फॉरिन की. पण तेव्हाच्या मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे हे तक्ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तक्ते आपोआप मायआयसॅम नावाच्या पद्धतीनं साठवले जायचे. ती पद्धत फॉरिन कीची ओळ वाचायची, चूकही दाखवायची नाही, आणि पाळायचीही नाही. नाती सांभाळणारी इनोडीबी पद्धत आपोआप मिळू लागली ती २०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून. म्हणजे इतकी वर्षं नियम कागदावर होता आणि दारावर कुणी नव्हतं.

मला हे फार लागलं. त्या माणसानं काम नीट केलं होतं. चालतंय का, एवढं एकदा तपासायचं राहिलं.

सकाळी १०:००

जुन्या नोंदी नव्या संगणकात ओतायला घेतल्या. शंभराव्या ओळीच्या आत अडलं. सभासद झाल्याची तारीख. ज्यांची माहीत नव्हती त्यांना जुन्या तक्त्यानं सगळी शून्यं भरून ठेवलीत. शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस. नवी आवृत्ती अशी तारीख घेत नाही.

ताई नियम थोडा वेळ सैल करतात, सगळं आत घेतात, मग शून्याच्या तारखा पुसून तिथे नल ठेवतात. नल म्हणजे माहीत नाही. सभासद कधी झाला ते माहीत नाही, हे खरं आहे. तो शून्य साली झाला, हे खोटं आहे. मग नियम पुन्हा कडक.

काही संकलनाच्या नोंदी १ जानेवारी २००९ च्या. त्या दिवशी संस्थेत हे सॉफ्टवेअरच नव्हतं. सचिवांना आठवतं, मध्ये कधीतरी लाईट गेली की जुन्या संगणकाचं घड्याळ मागे जायचं. आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. तारखेच्या जागी डिफॉल्ट होतं ‘आत्ताची वेळ’. डिफॉल्ट बरोबर, घड्याळ चूक. पोराला चाळीस रुपये देऊन पिटाळतात. नवा संगणक नवा असला तरी एक बॅटरी ड्रॉवरमध्ये राहू दे.

सकाळी ११:००

आता पोरक्या नोंदी. ज्यांचा सभासद सभासदांच्या तक्त्यात नाहीच, अशा. ताई दोन तक्ते शेजारी लावून विचारतात, डावीकडे आहे पण उजवीकडे जोडीदार नाही, असं काय काय आहे?  उत्तर पडद्यावर येतं. सचिव खुर्ची पुढे ओढतात.

नंबर शून्यवर ४३ नोंदी. १६८ लिटर.

घाईत नंबर न टाकता एंटर दाबलं गेलं की तक्ता शून्य धरायचा. तेही डिफॉल्टच. शून्य नंबरचा सभासद गावात नाही. बिल काढताना दोन्ही तक्ते जोडले जातात, जोडीदार नसलेली ओळ गळते. दूध कॅनमध्ये गेलं, संघाला गेलं, संघाचे पैसे संस्थेत आले, घालणाऱ्याच्या बिलात मात्र आले नाहीत. दिवाळीला लिटरमागे जो दूध फरक मिळतो, तोही नाही.

सचिव नमुन्याचं रजिस्टर उघडतात. शून्याच्या आधी कोण होतं, नंतर कोण होतं, फॅट किती होतं. लाईनीत माणसं बहुतेक ठरलेल्या क्रमानं येतात. बोट फिरवत, पुटपुटत ते एकेक ओळखतात. "हे शाळेमागचं घर… ही थोरल्या वाड्यातली… ह्यो गडी त्या दिवशी उशिरा आलता." तासाभरात ३१ लागतात. १२ लागत नाहीत.

त्या बारांचं काय करायचं? पुसल्या तर जोडणी लगेच होईल. ताई पुसत नाहीत. सभासदांच्या तक्त्यात ‘अनामत’ नावाची एक ओळ घालतात आणि बाराही नोंदी तिला जोडतात. आता ते पैसे अनामत म्हणून दर ताळ्यात दिसतील. कुणी पावती घेऊन आलं तर देता येतील.

दुपारी १२:१५

नंबर ५८. हजारो नोंदी, सभासद नाही. सचिव गप्प होतात. म्हातारे वारले, दोन वर्षांपूर्वी. बायकोला नवा नंबर दिला, १७१, आणि म्हाताऱ्यांचं नाव यादीतून काढून टाकलं. संगणकानं हरकत घेतली नाही. पुढे म्हशीच्या कर्जासाठी बँकेनं तीन वर्षांचा दुधाचा दाखला मागितला. संगणकातून दीडच वर्षाचा निघाला. बाकी सचिवांनी वहीवरून हातानं लिहून दिलं, दोन रात्री बसून.

ताई ५८ ची ओळ परत घालतात. सभासदांच्या तक्त्यात दोन रकाने वाढवतात. एक ‘वारस’, त्यात १७१. दुसरा ‘चालू’, त्यात ० किंवा १. नवा सभासद आला की १ आपोआप भरलं जाईल. माणूस गेला किंवा दूध घालायचं सोडलं तर ० करायचं. ओळ काढायची नाही.

जोडताना एक गोष्ट ठरवावी लागते. कुणी सभासद पुसायला गेलं तर काय व्हावं? एक पर्याय कॅस्केड, सभासदाबरोबर त्याच्या सगळ्या दुधाच्या नोंदीही जातात. दुसरा रेस्ट्रिक्ट, नोंदी आहेत तोवर सभासद पुसताच येत नाही. ताई प्रत्येक रेघेवर रेस्ट्रिक्ट लिहितात. पैशाच्या कामात कॅस्केड त्या वापरत नाहीत. मला विचाराल तर कुणीच वापरू नये.

दुपारी १:००

डबा. भाकरी, वांग्याची भाजी. सचिवांच्या घरून ताक आलंय. ताईंना दोन फोन येतात. एक पतसंस्थेचा, दुसरा मुलीच्या शाळेचा. फी भरायची राहिलीय. त्या सांगतात, सोमवारी भरते. संस्थेची उरलेली रक्कम काम संपल्यावर आठवड्यात मिळायची बोली आहे.

दुपारी १:३०

पहिली रेघ जोडायची वेळ. आज्ञा लिहिली, एंटर. नकार. दोन्ही रकान्यांची जात जुळत नाही. सभासदांच्या तक्त्यात नंबर हा आकडा आहे, संकलनात तो मजकूर म्हणून ठेवलाय. एकाच माणसाचा नंबर कुठे ७, कुठे ०७, कुठे ००७. मजकुराचा आकडा केला की तिन्हींचे ७ होतील. चांगलंच की.

ताई तरी लगेच करत नाहीत. ज्यात आकड्याशिवाय काही आहे असे नंबर आधी मागतात. एकच येतो. १२अ.

सचिव हसत नाहीत, सांगतात. दोन भाऊ, वाटण्या झाल्या. थोरल्याकडे १२ राहिला, धाकट्यानं १२अ मागितला. संगणक मजकूर आणि आकडा शेजारी ठेवून जुळवतो तेव्हा १२अ मधले सुरुवातीचे आकडे तेवढे वाचतो. म्हणून सकाळच्या पोरक्यांच्या यादीत हा आलाच नाही. त्याला थोरला सापडत होता. दर दहा दिवसांनी धाकट्याचं दूध थोरल्याच्या बिलात यायचं. सचिव ते पेननं खोडून दुसरं बिल हातानं लिहायचे. दिवाळीला मात्र दोघांचा फरक एकाच खात्यावर गेला. भाऊ संस्थेच्या दारात भांडले. तंटामुक्तीच्या लोकांना मध्ये पडावं लागलं.

आता नियम सैल ठेवून रकान्याची जात बदलली असती, तर प्रत्येक १२अ चा कायमचा १२ झाला असता. मग वेगळं करायला काही उरलं नसतं.

धाकट्याला नवा नंबर, १८६. त्याच्या नोंदी १८६ वर. मग जात बदलली. मग रेघ जोडली. या वेळी संगणक नुसती वेळ दाखवतो आणि पुढच्या आज्ञेची वाट बघतो. सचिव विचारतात, "झालं?"

"झालं दादा. आता यादीत नसलेला नंबर टाकून बघा."

ते ९९९ टाकतात. नकार. पुन्हा टाकतात. पुन्हा नकार.

दुपारी २:४०

कपातीची रेघ पाच मिनिटांत. दराची रेघ वीस मिनिटं, कारण दर बदलतो. बाराशे दिवसांपूर्वीच्या दुधाला आजचा दर लागून चालणार नाही. दरांच्या तक्त्यात ‘कधीपासून’ हा रकाना आहेच. शिवाय लागलेला दर संकलनाच्या ओळीतही उतरवून ठेवायचा. पुस्तकात याला दुहेरी नोंद म्हणतील. ताईंचं म्हणणं, पावतीवर छापलेला आकडा नोंदीत असलाच पाहिजे. मला ते पटतं.

जनावरांचा तक्ता बघायला त्यांनी पोराला बोलावलंय. २०२४ साली सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर शेतकऱ्याच्या खात्याशी जोडायचा होता. बिल्ल्याचा नंबर बारा आकडी. कुणीतरी घाईत रकाना वाढवला, साध्या पूर्णांकाचा. त्यात मावणारा सर्वात मोठा आकडा २१४७४८३६४७, म्हणजे दहा आकडी. जुनी आवृत्ती जास्तीचं कापून हाच आकडा भरायची. ९६ गाई, सगळ्यांच्या कानात एकच बिल्ला. सरकारी यादी सचिवांनी वेगळी टाईप करून पाठवली म्हणून अनुदान अडलं नाही.

नवा रकाना बारा अक्षरांचा मजकूर, आणि एकच नंबर दोनदा येऊ नये अशी अट. बिल्ल्यांचे फोटो मोबाईलवर आहेत. पोरगा बघून भरतो. नगाला ३ रुपये, ९६ चे २८८. रोजाच्या वर.

दुपारी ३:३०

आता डिफॉल्ट. सकाळपासून ताईंना इथेच यायचं होतं.

तारीख-वेळ, आत्ताची. ठीक. वेळ सकाळची की संध्याकाळची, ते घड्याळावरून काढता येतं. २०१८ नंतरच्या आवृत्तीत डिफॉल्ट म्हणून असं छोटं गणित लिहिता येतं, बाराच्या आधी सकाळ, नंतर संध्याकाळ. पण लाईट गेली तर सकाळच्या नोंदी वहीवरून दुपारी भरतात. म्हणून ती चौकट पडद्यावर बदलता येईल अशी. कपात, शून्य. उचल, शून्य. कपात केली नाही तर ती शून्यच असते. तिथे शून्य खरं आहे.

सभासद नंबर, डिफॉल्ट नाही. रिकामा चालणार नाही. जनावर, डिफॉल्ट नाही. नंबर टाकला की त्या सभासदाचं नेहमीचं जनावर पडद्यावर मोठ्या अक्षरात येईल, पण मान्य करायला बटण दाबावं लागेल. दोन्ही जनावरं असलेली माणसं दोन किटल्या आणतात.

फॅट आणि एसएनएफवर सचिव अडतात. "मॅडम, केबल सुटली आणि नोंदच घेतली नाही, तर लाईन कुठवर जाईल? दूध नासतंय."

ताई मान्य करतात. दहा मिनिटं दोघं बोलतात. ठरतं ते असं. डिफॉल्ट नाही, पण जागा रिकामी राहू शकते. पावतीवर छापलं जाईल, ‘फॅट येणे बाकी’. नमुन्याची बाटली नंबर घालून बाजूला ठेवायची, लाईन संपल्यावर तपासायची, आकडा भरायचा. एकही जागा रिकामी असेल तर दहा दिवसांचं बिल निघणारच नाही. सरासरी काढताना संगणक रिकामी जागा मोजत नाही, ३.५ मात्र मोजतो. म्हणजे संघाशी ताळाही बिघडणार नाही. शिवाय अट, फॅट भरलं तर २ ते १३ च्या मधलंच.

हे ठरवणं माणसांचं काम आहे. आज्ञा लिहायला त्यानंतर दोन मिनिटं पुरतात.

दुपारी ४:३०

खोट्या नोंदींवर तालीम. पोरगा केबल उपसतो, सचिव नंबर टाकतात. पडद्यावर चूक. नवी खिडकी रिकाम्या जागी शून्य पाठवते आहे. खिडकीनं काहीही पाठवलं, तर तक्त्यातलं डिफॉल्ट काय म्हणतं त्याचा उपयोग नाही, पाठवलेलंच धरलं जातं. २ ते १३ च्या अटीनं ते शून्य अडवलं म्हणून कळलं. ताई खिडकीतली एक ओळ बदलतात. पुन्हा. आता पावती येते, ‘फॅट येणे बाकी’.

पाचला लाईट जाते. यूपीएस अकरा मिनिटं ओरडतं. बाराव्याला लाईट येते.

संध्याकाळी ५:२०

वेळ उरलाय म्हणून ताई एक शेवटचा प्रश्न विचारतात. गेल्या वर्षात अगदी ३.५, अगदी ८.५ आणि गाय अशा नोंदी किती? ३२७. त्यातल्या पुष्कळ खऱ्या असणार. मग अट वाढवतात. ज्यांच्या घरी फक्त म्हैस आहे, त्यांच्या किती? ६१. सभासद १४. रजिस्टरमधलं खरं फॅट लावून रक्कम काढली तर ५,२०० च्या आसपास.

सचिव आकड्याकडे बघतात. "संघाकडून म्हशीचेच पैसे आलेत. संस्थेकडं पडून हायती. द्यायलाच पायजेत." ते चेअरमनना फोन लावतात. ठराव लागेल, कमिटीची बैठक घ्यावी लागेल. बैठकीचा दिवस फोनवरच ठरतो.

संध्याकाळी ६:००

लाईन. पहिल्या पाच जणांना वेळ लागतो, सचिवांचा हात जुन्या बटणांवर जातो. मागून आवाज येतात, "अण्णा, आवरा की." विसाव्या माणसापर्यंत हात बसतो.

काकू येतात. नंबर. पडद्यावर मोठ्या अक्षरात म्हैस. सचिव बटण दाबतात. फॅट ६.८. पावती त्या वाचतात, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवतात, आणि काही न बोलता किटली धुवायला नळावर जातात.

संध्याकाळी ७:१०

केबल खरोखरच सुटते. तीन पावत्या ‘येणे बाकी’. तीन बाटल्या बाजूला. एक गडी हुज्जत घालतो, मला आत्ताच्या आत्ता आकडा पाहिजे. पोरगा त्याला बाटलीवरचा नंबर दाखवतो. लाईन संपल्यावर तो थांबून आकडा बघूनच जातो. ४.१. नेहमी ३.५ लागायचं म्हणतो. सचिव पिन बदलायचं कबूल करतात. १५० रुपयांचं काम.

रात्री ८:०५

ताळा. गाईचे कॅन आणि संगणक जुळतात. म्हशीचे कॅन आणि संगणक जुळतात. पेन्सिलीच्या वहीत आज ‘किरकोळ’ची ओळ नाही. ताई रात्रीची प्रत काढतात, उघडून बघतात, पेनड्राइव्ह सचिवांच्या हातात देतात आणि तो संस्थेत नको, घरी ठेवा म्हणतात. पोरगा ९६ पैकी ७० बिल्ले भरून झालेत म्हणून सांगतो, बाकी उद्या.

उरलेल्या सात हजारांचा चेक शुक्रवारी.

तुम्ही दूध घालत असाल तर पावती वाचून घ्या. फॅट आणि एसएनएफ दोन-तीन वेळा लागोपाठ दशांशासह तेच दिसलं, तर सचिवांना विचारा, हे यंत्रानं सांगितलं की तक्त्यानं भरलं. आणि तक्ते बांधणाऱ्यांनी, जिथे मोजलेला आकडा यायचा आहे तिथे डिफॉल्ट ठेवू नका.